आवडत्या लेखकाच्या चाहत्यांमध्ये सामील होताना : पुस्तक, प्रकरण, पान



'सर, मला पु. लं.च्या फॅन ग्रुपमध्ये जायचंय. जाऊ का?' असं आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाने विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? घरी विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, 'आधी अभ्यासाचं बघ.' शाळेत विचारलं तर आपण 'अरे वा, छान!' म्हणतो आणि पुढच्या तासाला निघतो. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. एखादं मूल मराठी लेखकावर जीव लावतं, ही आजच्या काळात साधी गोष्ट नाही. आणि तेच मूल अनोळखी मोठ्या माणसांच्या घोळक्यात एकटं शिरतं, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. म्हणून त्याला 'हो' किंवा 'नाही' सांगण्याआधी थोडं शिकवायला हवं. ते काय आणि कसं शिकवायचं, हा आजच्या पाठाचा विषय. लेखाच्या शेवटी वर्गात घेता येईल असा चार तासिकांचा उपक्रमही दिला आहे.

चाहते पूर्वीही होतेच

आधी मुलांना हे सांगावं, की लेखकाचे चाहते ही मोबाईलने आणलेली गोष्ट नाही. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकातला सखाराम गटणे आठवा. पुस्तक १९६२ सालचं, म्हणजे साठ वर्षांहून जुनं. त्यातला हा गटणे लेखकाची स्वाक्षरी घ्यायला येतो, छापील पुस्तकासारखं बोलतो, इतकं वाचतो की त्याच्या वडिलांना काळजी लागते. पु. ल. त्याच्याकडे बघून हसतात, पण ते हसणं मायेचं आहे. एका लेखकाने आपल्या चाहत्याचं काढलेलं हे चित्र आपल्या विषयाची उत्तम सुरुवात आहे. वर्गात वाचून दाखवा आणि विचारा, 'गटण्याचं काय बरोबर आहे आणि कुठे चुकतंय?' मुलं स्वतःच सांगतील, की त्याचं पुस्तकांवरचं प्रेम खरं आहे, पण त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नाहीत. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दुसरं उदाहरण पत्रांचं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, सभा-समारंभांपासून लांब. सुनीताबाई देशपांडे त्यांना वाचक म्हणून पत्रं लिहीत आणि जी. ए. मन लावून उत्तरं देत. दोन्ही बाजूंची ही पत्रं आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. सुनीताबाईंच्या पत्रांचं पुस्तक 'प्रिय जी. ए.' या नावाचं. मुलांना सांगा, एका चांगल्या वाचकाने लेखकाशी कसं बोलावं याचा हा वस्तुपाठ आहे. नुसतं 'तुम्ही ग्रेट आहात' असं नाही, तर काय वाचलं, त्यावरून काय आठवलं, कुठे पटलं, कुठे अडलं.

आणि आपल्या भागात तर वाचकांनी एकत्र येण्याची परंपरा जुनीच. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. २०१० च्या डिसेंबरमध्ये ठाण्यात ८४वं आणि २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. डोंबिवलीच्या संमेलननगरीला पु. भा. भावे यांचं नाव दिलं होतं. ते याच गावात राहिलेले. शं. ना. नवरेही डोंबिवलीकरच. पुढे इंटरनेट आलं. 'मायबोली' १९९६ पासून जगभरच्या मराठी माणसांना एकत्र आणते आहे. त्यानंतर फेसबुक आणि व्हॉट्सॲप आले. जागा बदलली, पण 'हे वाचलंस का?' असं कुणाला तरी विचारावंसं वाटणं तेच राहिलं.

आधी पुस्तक, मग ग्रुप

पहिला नियम सोपा ठेवा. ज्या लेखकाच्या समूहात जायचं, त्याचं निदान एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं हवं.

हा नियम का लागतो? कारण आज लेखकाची ओळख बहुधा पुस्तकातून होतच नाही. २०१३ साली 'दुनियादारी' चित्रपट आला आणि सुहास शिरवळकरांचं नाव अनेक मुलांना पहिल्यांदा कळलं. २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' पडद्यावर आला आणि भा. रा. भागवतांच्या बनेशची नव्या पिढीशी गाठ पडली. व. पु. काळ्यांची ओळख तर फोटोवर छापलेल्या चार ओळींमधून होते. यात वाईट काही नाही. कोणत्याही दाराने आत यावं. मात्र दारातच उभं राहून 'घर बघितलं' असं म्हणू नये.

पुस्तकं मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. वर सांगितलेली दोन्ही ग्रंथालयं आहेतच. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीसारखी खाजगी वाचनालयं आहेत आणि पुस्तकांच्या आदान-प्रदानाचे कार्यक्रमही होतात. शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट उघडं असेल तर त्याहून उत्तम. पालकांनी एवढंच करावं, की मुलाला ग्रंथालयात एकदा बरोबर घेऊन जावं आणि पुस्तक त्याला स्वतःला निवडू द्यावं.

आत जाण्यापूर्वी

आता सुरक्षेचं बघू. मुलांना हे घाबरवून सांगायचं नाही, ओळखीच्या गोष्टीवरून सांगायचं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर केवढी गर्दी असते! सगळे नटून आलेले, सगळे आनंदात. त्या गर्दीत आपण जातो, हसतो, फोटो काढतो. पण तिथे भेटलेल्या अनोळखी माणसाला घरचा पत्ता देतो का? कोणत्या शाळेत, कोणत्या तुकडीत आहोत हे सांगतो का? ऑनलाइन समूह म्हणजे तसाच एक फडके रोड. सगळे एकाच लेखकावर प्रेम करतात, म्हणून सगळे ओळखीचे होत नाहीत.

पालकांनी या गोष्टी स्वतः बसून बघाव्यात :

१. फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोन्हींच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. त्याहून लहान मुलाला आई-बाबांच्या शेजारी बसून, त्यांच्या खात्यावरूनच वाचू द्यावं.

२. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये आपला फोन नंबर इतर सदस्यांना दिसतो. लेखकाच्या चाहत्यांचा मोठा ग्रुप असेल तर शेकडो अनोळखी माणसांकडे मुलाचा नंबर जातो. अशा ठिकाणी पालकाने स्वतःच्या नंबरने सामील व्हावं.

३. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप्स' असा पर्याय आहे. तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलं, की कुणीही उठून मुलाला कुठल्याही ग्रुपमध्ये टाकू शकत नाही.

४. समूहातलं बोलणं समूहातच. 'तू छान लिहितेस, वेगळी बोलूया' असा खाजगी निरोप आला तर उत्तर न देता घरी दाखवायचा. हा नियम मुलगे आणि मुली दोघांनाही.

५. पैसे मागितले गेले किंवा त्रास झाला तर लपवायचं नाही. मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे हेल्पलाइन क्रमांक घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल अशी तरतूद आहे. म्हणजे पालकांनी विचारपूस करणं ही लुडबुड नाही, ती जबाबदारीच आहे. फक्त ती मुलाच्या पाठीमागे फोन तपासून नको, समोर बसून हवी.

खाली नाव कोणाचं आहे?

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

चाहत्यांच्या समूहांत रोज सकाळी काहीतरी येतं. कविता येते, सुविचार येतो, म्हातारपणावर, मैत्रीवर, आईवर लिहिलेला परिच्छेद येतो. खाली नाव असतं पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, कुसुमाग्रज किंवा विंदा. कल्याणहून सुटलेली लोकल ठाण्याला पोचेपर्यंत तो मजकूर दहा ग्रुपमध्ये गेलेला असतो. यातलं पुष्कळसं त्या लेखकांनी लिहिलेलंच नसतं. मग २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तोच मजकूर शाळेच्या स्टेजवर 'कुसुमाग्रजांची कविता' म्हणून वाचला जातो आणि आपण टाळ्या वाजवतो.

कुणी म्हणेल, 'विचार चांगला आहे ना, मग नावाचं एवढं काय?' या प्रश्नाचं उत्तर मुलांना नीट द्यायला हवं, कारण इथे दोन माणसांवर अन्याय होतो.

पहिला, ज्याचं नाव लावलं त्याच्यावर. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले, व. पु. २६ जून २००१ रोजी. 'हे माझं नाही' असं सांगायला ते आता येऊ शकत नाहीत. आयुष्यभर एकेक शब्द तोलून लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण कुणाचंही गुळमुळीत वाक्य घालतो. ज्या मुलाने पु. ल. फक्त फॉरवर्डमधूनच वाचले, त्याला पु. ल. म्हणजे सुविचार सांगणारे आजोबा वाटतात. खरे पु. ल. त्याला भेटतच नाहीत.

दुसरा अन्याय ज्याने खरोखर लिहिलं त्याच्यावर, आणि तो जास्त मोठा. ती कविता कुणीतरी लिहिलेली असतेच ना? अंबरनाथच्या एखाद्या गृहिणीने, मुरबाडच्या एखाद्या शिक्षकाने, रात्रपाळी करून आलेल्या एखाद्या कामगाराने. पुढे पाठवताना मधल्या कुणीतरी खालचं साधं नाव काढलं आणि वजनदार नाव लावलं. कविता राज्यभर फिरली, लिहिणाऱ्याचं नाव मात्र कायमचं पुसलं गेलं. मुलांना विचारा, 'तुझी कविता उद्या सगळीकडे गाजली, पण खाली दुसऱ्याचं नाव असलं, तर?' क्षणभर मूल खूश होतं. मग गप्प होतं. त्या गप्प होण्यातच हा पाठ मुलाला कळतो.

म्हणून मुलांना तीन शब्द पाठ करायला सांगा : पुस्तक, प्रकरण, पान. कुठलीही ओळ आवडली की हे तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या पुस्तकात आहे? त्यातल्या कोणत्या लेखात, कथेत वा कवितेत? कितव्या पानावर? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच लेखकाच्या नावाने पुढे पाठवायचं. नाही मिळाली तर 'लेखक माहीत नाही' असं लिहून पाठवायचं किंवा आपल्याजवळच ठेवायचं.

इथे एक बारकावा आहे. 'सापडलं नाही' म्हणजे 'खोटं आहे' असं नव्हे. पु. लं.नी 'बटाट्याची चाळ' आणि 'असा मी असामी' रंगमंचावर एकट्याने सादर केलं, भाषणं केली. व. पुं.नी कथाकथनाचे कार्यक्रम केले. बोललेलं सगळं पुस्तकात जसंच्या तसं असतंच असं नाही. म्हणून मुलांनी तीन शिक्के वापरावेत : 'सापडलं', 'सापडलं नाही' आणि 'शक्यच नाही'. तिसरा शिक्का कधी मारायचा? समजा एका परिच्छेदात व्हॉट्सॲपची थट्टा आहे आणि खाली नाव पु. लं.चं. व्हॉट्सॲप सुरू झालं २००९ साली, म्हणजे पु. ल. गेल्यानंतर नऊ वर्षांनी. असा पुरावा मजकुराच्या पोटातच असतो. तो शोधायला मुलांना फार मजा येते.

आणि समूहात हे बोलायचं कसं? मोठ्या माणसांना 'तुम्ही चुकलात' म्हटलं की वाद होतो आणि मूल बिचारं कोपऱ्यात जातं. त्यापेक्षा असं विचारायला शिकवा : 'काका, फार आवडलं. हे कोणत्या पुस्तकात आहे? मला मूळ वाचायचंय.' या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही आणि काकांनाही एकदा पुस्तक उघडावं लागतं.

'मला नाही आवडलं' म्हणायची मुभा

चाहत्यांच्या समूहाची खरी परीक्षा इथे होते. एखाद्या मुलीने लिहिलं, 'व. पुं.ची ही कथा मला पटली नाही', तर काय होतं? चांगल्या समूहात कुणीतरी विचारतं, 'का गं, कुठे खटकलं?' वाईट समूहात तिला ऐकवतात, 'तुझं वय काय, तू बोलतेस काय!' दुसरा प्रकार दिसला तर तिथून मुलाला खुशाल बाहेर काढा. तिथे लेखकाचं प्रेम कमी आणि दरारा जास्त आहे.

मुलांना मात्र हेही सांगा, की 'नाही आवडलं' या दोन शब्दांवर थांबायचं नाही. पुढे 'कारण' यायला हवं आणि त्या कारणात पुस्तकातला एखादा प्रसंग हवा. आवडलं असेल तरी तेच. 'मस्त', 'भारी', 'कडक' यांच्यापुढे एक पूर्ण वाक्य स्वतःचं. गटण्यावरून फळ्यावर लिहिलेलं ते वाक्य इथे पुन्हा दाखवा. आपल्याला चाहता व्हायचंय, पण स्वतःचे शब्द गमावून नाही.

पीडीएफचा मोह

बऱ्याच समूहांत पुस्तकांच्या पीडीएफ फुकट वाटल्या जातात. मुलांना त्यात गैर वाटत नाही, कारण मोठेच वाटतात. इथे नियम स्पष्ट सांगा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या निधनानंतरही ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. गणिताच्या तासाला शोभेल असं हे उदाहरण आहे. साने गुरुजी गेले १९५० साली, म्हणून त्यांचं असं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. आचार्य अत्रे गेले १९६९ साली, म्हणून १ जानेवारी २०३० पासून. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०६१ पर्यंत थांबायचं. 'श्यामची आई'ची पीडीएफ आणि 'व्यक्ती आणि वल्ली'ची पीडीएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना या एका हिशेबातून कळतं. पैसे नसतील तर ग्रंथालय आहे. चोरी करायचं कारण नाही.

वर्गातला उपक्रम : अवतरणाचा माग (इयत्ता ८वी ते १०वी, चार तासिका)

पहिली तासिका : मुलांनी घरच्या फोनवर आलेला, खाली मराठी लेखकाचं नाव असलेला एक मजकूर वहीत उतरवून आणावा. पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. चार-चार जणांचे गट करून प्रत्येक गटाने एक मजकूर निवडावा.

दुसरी तासिका : मजकुरातला काळ शोधावा. कोणत्या वस्तू, कोणते शब्द, कोणत्या किमती आल्या आहेत? लेखकाचा जन्म आणि निधन यांची वर्षं बाजूला लिहावीत. 'शक्यच नाही' असा शिक्का इथेच काहींवर बसेल.

तिसरी तासिका : ग्रंथालयात. लेखकाची मिळतील ती पुस्तकं टेबलावर मांडावीत आणि अनुक्रमणिकेपासून शोध सुरू करावा. बऱ्याचदा मूळ ओळ सापडत नाही, पण शोधता शोधता मूल भलत्याच पानावर रमतं. त्याला रमू द्या. या तासिकेचा खरा फायदा तोच आहे.

चौथी तासिका : प्रत्येक गटाने निकाल सांगावा आणि लेखकाच्या पुस्तकातून स्वतः निवडलेला एक छोटा उतारा पुस्तक, प्रकरण, पान सांगून वाचून दाखवावा. शेवटी प्रत्येकाने आवडत्या लेखकाला एक पत्र लिहावं. लेखक हयात नसला तरी चालेल. पत्रात लेखकाचं कौतुक एकाच वाक्यात, बाकी सगळं पुस्तकाबद्दल.

मूल्यमापन करताना 'माग लागला का' याला गुण देऊ नका. 'माग कसा काढला' याला द्या. 'सापडलं नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळायला हवेत, नाहीतर मुलं पान क्रमांकही मनानेच लिहून आणतील!

पालकांना शेवटचं

आई-बाबा सकाळच्या लोकलने जातात, रात्री थकून येतात. मुलाचं वाचन बघायला वेळ नसतो, हे खरं आहे. पण आठवड्यातून एकदा जेवताना विचारा, 'तुझ्या ग्रुपवर या आठवड्यात काय चाललंय? त्यावरून कोणतं पुस्तक काढलंस?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत असेल तर समूह चांगला आहे, मुलाला तिथे राहू द्या. महिनोन्‌महिने फक्त पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येत असेल, तर मूल समूहात आहे पण लेखकापासून लांब गेलंय असं समजा आणि रविवारी त्याला घेऊन ग्रंथालय गाठा.

आणि हो, आपल्या स्वतःच्या फोनवर उद्या सकाळी पु. लं.च्या नावाने काही आलं, तर पुढे पाठवण्याआधी मुलाला विचारा, 'काय रे, कोणत्या पुस्तकातलं आहे हे?' आपण विचारतोय हे दिसलं, की मूलही विचारायला लागतं.

हा उपक्रम तुमच्या वर्गात जरूर घेऊन बघा. तुमच्या मुलांना कोणत्या ओळीचा माग लागला आणि कोणत्या ओळीने चकवलं, ते आम्हालाही कळवा.